कॉल वेटिंग चालू ठेवावे, की दुसरा कॉल दुकानाच्या फोनवर वळवावा?

ज्यांचा निम्मा दिवस फोनवर जातो, त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: बोलणे चालू असताना येणारा दुसरा कॉल आपल्याच कानाशी वाजू द्यावा, की कॉल वेटिंग बंद करून तो परस्पर दुसऱ्या फोनवर वळवावा? सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. पहिला मार्ग मी पाच-सहा वर्षे वापरला आणि दुसरा गेले दोन हंगाम वापरतो आहे.

कॉल वेटिंगचा मोठा गुण असा, की कोणाचा फोन आला हे त्याच क्षणी समजते. घरी आजारी माणूस असेल किंवा दुकान एकट्याने सांभाळायचे असेल, तर हा एक गुण बाकी सगळ्या दोषांना पुरून उरतो. तिघांनी एकत्र बोलण्यासाठी मात्र वेटिंगची गरज नसते, कारण ते बंद असतानाही आपण स्वतः दुसरा नंबर लावून दोन्ही कॉल जोडू शकतो.

माझी तक्रार बोलण्याच्या मध्येच वाजणाऱ्या ‘टुंग’ या आवाजाबद्दल आहे. तो फक्त आपल्याला ऐकू येतो. समोरच्याला त्याचा पत्ता नसल्याने तो बोलायचा थांबत नाही, आणि नेमका आकडा त्या आवाजाखाली जातो. एकदा बाहेरगावच्या खरेदीदाराने भाव सांगितला, तेव्हा मला ‘चौदा हजार’, मग ‘टुंग’ आणि मग ‘शे’ एवढेच ऐकू आले. आदल्या दिवशी १४,७०० ची बोलणी झाली होती, म्हणून मी ‘सातशे’ धरले आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, त्याच भावाने केली. खरेदीदार ‘दोनशे’ म्हणाला होता. १२ क्विंटलवर ६,००० रुपयांचा फरक पडला आणि तो मी पदरचा भरला. भाव पुन्हा विचारावा, तर समोरच्याला आपण मागेपुढे करतो आहोत असे वाटते.

शिवाय पडद्यावर आधीचा कॉल होल्डवर ठेवण्याचे आणि तोडण्याचे असे दोन पर्याय जवळजवळ येतात. हळदीने पिवळ्या झालेल्या बोटाखाली त्यांपैकी कोणता येईल, याचा नेम नसतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षे टिकत असे, होल्डवरचा शेतकरी मात्र अर्धा मिनिटही टिकत नाही.

आता वेटिंग बंद आहे आणि मी बोलत असताना आलेला कॉल दिवाणजींच्या फोनवर जातो. ते नाव आणि काम वहीच्या कडेला लिहून ठेवतात आणि माझे बोलणे संपले की वही माझ्यापुढे सरकवतात. या व्यवस्थेतही उणिवा आहेत. वळलेल्या कॉलची नोंद माझ्या फोनवर राहत नाही, दिवाणजी दुसऱ्या कॉलवर असले की पंचाईत होते, आणि आपल्याकडून वळलेला कॉल आपल्या खात्यावर धरला जात असल्याने आपल्या प्लॅनची अट आधी पाहून घ्यावी. दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडने, म्हणजे * आणि # लावून डायल करायच्या कोडने, कॉल वळवण्याची सोय थांबवण्यात आली आहे, त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेकडून ते करून घ्यावे.

दोन चुका मी स्वतः केल्या, त्या तुम्ही टाळा. पहिली म्हणजे, त्याच फोनमधल्या दुसऱ्या सिमवर कॉल वळवला होता. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे पोहोचण्याबाहेर जाते, म्हणून दुसरा फोन वेगळाच लागतो. दुसरी म्हणजे, वेटिंग चालूच ठेवून ‘बिझी असताना वळवा’ ही सोय लावली होती. तसे केले तर येणारा कॉल आपण हाताने नाकारला तरच तो वळतो. अर्थात, नाव पाहून मग ठरवायची सवय असलेल्यांना हा मधला मार्ग कदाचित आवडेलही. माझ्या बाबतीत ‘टुंग’ कायम राहिल्याने तो कामाचा ठरला नाही.

मी अजून तरी वेटिंग पुन्हा चालू केलेले नाही. आईचे फोनही आता बहुधा दिवाणजींकडेच जातात, आणि दुपारी घरी भाजी कोणती आहे हे मला वहीच्या कडेवरून कळते. तेवढी गैरसोय मी पत्करली आहे.