सहलीच्या आठवणीसाठी कुठला चहा घ्यावा?

आपण सगळे मिळून जिथे गेलो होतो, त्या गावाच्या नावाचा चहा घरी आणावा, असं वाटणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. तिथल्या मळ्याचा शुद्ध चहा, गावाचं नाव लावलेलं तयार सुगंधी मिश्रण, नाहीतर जिन्नस आणून घरी जमवलेलं मिश्रण. मी तिन्ही करून पाहिलंय. सगळ्या गावांना एकच वाट लागू पडत नाही. त्या गावाचा कुठला वास तुमच्या नाकात राहिलाय, तो आधी आठवा आणि मग पुड्याकडे वळा.

दार्जिलिंगला गेला असाल तर मळ्याचाच चहा घ्या, मिश्रणाच्या वाटेला जाऊ नका. भारतात भौगोलिक मानांकन मिळवणारं हे पहिलं उत्पादन, 2004 सालचं. दोन पानं आणि एक कळी हाती धरलेल्या स्त्रीचं चिन्ह पुड्यावर आहे का, ते बघून घ्या. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होता. मार्च-एप्रिलचा पहिला तोडा, म्हणजे फर्स्ट फ्लश, हलका आणि फुलांच्या वासाचा असतो. मे-जूनच्या सेकंड फ्लशला पिकल्या द्राक्षासारखा गोडसर गंध येतो, त्याला मस्कटेल म्हणतात. बारीक किडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड त्याला तोंड देताना जी द्रव्यं तयार करतं त्यांतून हा गंध येतो. दिवाळीच्या सुमाराचा तोडा तांबूस आणि सौम्य उतरतो.

फर्स्ट फ्लशची फार वाहवा होते, म्हणून मी बरीच वर्षं तोच आणत होते. चहा उत्तम होता, पण घरात कुणाला काही आठवलं नाही. आम्ही गेलो होतो मेच्या सुट्टीत! सेकंड फ्लश आणला त्या दिवशी आईने कप नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘टायगर हिलवरून उतरताना थांबलो होतो बघ, तिथला.’ तेव्हापासून मी सहलीचा महिना विचारल्याशिवाय कुणालाही दार्जिलिंग सुचवत नाही. हा चहा कोराच प्यायचा. कपाला दोन ग्रॅम पत्ती घ्यायची, वर गरम पाणी ओतायचं आणि तीन मिनिटांनी गाळायचं. दुधात उकळला की त्याचा गंध हरवतो.

उटीचं गणित उलटं आहे. निलगिरी डोंगरांतला चहा स्वच्छ चवीचा, थंडीतल्या तोड्याचा तर फारच सुवासिक, आणि दूधही छान पेलतो. पण उटीची आठवण म्हणून आपल्या मनात असतो तो त्या उंच झाडांचा वास. मराठीत झाडालाच आपण निलगिरी म्हणतो, खरं तर ते मूळचं ऑस्ट्रेलियातलं. मळ्याचा चहा तुम्हाला डोंगर देईल, सहल देणार नाही. म्हणून इथे मी मिश्रणाच्या बाजूने आहे, पण घटकांची यादी वाचूनच. यादीत वजनाने जास्त असलेला जिन्नस आधी लिहिलेला असतो. कृत्रिम सुगंधाचा उल्लेख दिसला तर पुडा परत ठेवा. तळ्याचं सुरेख चित्र असलेला एक डबा मी घेतला होता. आत साधी भुकटी होती आणि वरचा वास महिन्याभरात उडून गेला. मन खट्टू झालं. घरी मात्र बाटलीतलं निलगिरी तेल चहात कधीही घालू नका, पोटात गेलं तर ते विषारी ठरतं.

काश्मीरचा कहवा घरीच करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तयार पुड्यात केशर बहुधा यादीच्या शेवटी असतं आणि बदामाचे तुकडे जुने झाले की खवट लागतात. दालचिनी आणि वेलची पाण्यात उकळा, भांडं खाली उतरवून जरा निवू द्या, मग हिरवा चहा दोन-तीन मिनिटं मुरवा. कढत पाण्यात तो कडू होतो. गाळल्यावर केशराच्या काड्या आणि ताजे बदामाचे काप घाला.

धरमशाळेकडे गेला असाल तर कांगड्याचा हिरवा चहा बघा. 1905 च्या भूकंपाने तिथल्या मळ्यांची धूळधाण केली, त्यामुळे आजही तो थोडाच पिकतो. मिळाला तर सोडू नका.

कुठलाही घेतलात तरी पन्नास-शंभर ग्रॅमच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा. चहा शेजारचा वास पटकन ओढून घेतो. आणि भेट देणार असाल तर पिणाऱ्याची सवय बघा. बाबांना दूध-साखरेशिवाय चहा चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी निलगिरीचा आणते, आणि आईसाठी मेच्या तोड्याचा दार्जिलिंग.