‘एकदाच वापरलेल्या’ पितळी पुंगळ्यांचा सौदा

काडतुसाच्या चार भागांपैकी गोळी, दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) हे तीन भाग एका वापरात संपतात. पितळी पुंगळी तेवढी उरते आणि कायदा व परवाना जिथे मुभा देतात तिथे नेमबाज तीच पुंगळी साफ करून पुन्हा भरतात. साहजिकच वापरलेल्या पुंगळ्यांची खरेदी-विक्री चालते आणि तीत ‘एकदाच वापरलेली’ एवढ्या शब्दांवर भाव चढतो. याच शब्दांवर विश्वास ठेवून घेतलेल्या मालात माझी फसवणूक झाली. ती संपूर्णपणे पॉलिशच्या आड झालेली असल्यामुळे, अशा पुंगळ्या विकत घेणाऱ्या इतरांनी सावध व्हावे यासाठी सर्व तपशील येथे नोंदवीत आहे.

विक्रेत्याचे म्हणणे असे होते की पुंगळ्या ५.५६ मिमी रायफलच्या, लष्करी बनावटीच्या आणि एकदाच वापरलेल्या आहेत. त्या फक्त धुऊन चकचकीत केल्या आहेत, जुने प्रायमर जागेवरच आहेत आणि दुसरी कोणतीही प्रक्रिया केलेली नाही. आधी त्याने नमुन्यादाखल मूठभर पुंगळ्या पाठवल्या. त्या निर्दोष होत्या. सर्वांच्या बुडावर एकाच कारखान्याचा शिक्का होता आणि प्रायमरभोवतीचे दाबाचे वर्तुळ स्पष्ट दिसत होते. त्यानंतर मागवलेला मोठा माल वजनावर आला, आणि पिशवीच्या वरच्या थरातील पुंगळ्या पुन्हा त्या नमुन्यासारख्याच होत्या. खालचा माल वेगळा होता, परंतु चकाकी सर्वत्र सारखीच असल्यामुळे तो वेगळेपणा वरवर पाहून कोणाच्याही लक्षात आला नसता.

पुंगळी किती वेळा वापरली गेली आहे याला इतके महत्त्व का, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. काडतुसाचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. गोळी सुटताना पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि पुन्हा भरण्यापूर्वी डायमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून, दाबून तिला मूळ मापावर आणावे लागते. या फुगण्या-दाबण्याच्या प्रत्येक फेरीत मानेचे पितळ कडक होत जाते आणि बुडाच्या जरा वरची भिंत ताणली जाऊन पातळ होते. ५.५६ मिमीच्याच जातीच्या .२२३ रेमिंग्टन या नागरी काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ५५,००० पौंड अशी ठरवलेली आहे. एवढा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर ज्या भिंतीने अडवायचा असतो, ती आधी किती वेळा ताणली गेली आहे हे माहीत नसताना तिच्यात दारू भरणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पहिली शंका प्रायमरवरून आली. लष्करी काडतुसात प्रायमर हलू नये म्हणून त्याच्या कडेचे पितळ कारखान्यातच दाबून बसवलेले असते. अशा पुंगळीत नवा प्रायमर बसवायचा असेल तर ती दाबलेली कड आधी कापून किंवा ठोकून सरळ करावी लागते. म्हणजे पुंगळी खरोखर एकदाच वापरलेली असेल आणि तिच्यावर प्रक्रिया झालेली नसेल, तर ती कड शाबूत असलीच पाहिजे. माझ्याकडे आलेल्या बहुसंख्य पुंगळ्यांची कड तिरकी कापलेली होती आणि तिच्या आत काही ठिकाणी पिवळे, काही ठिकाणी चंदेरी प्रायमर बसलेले होते, ते काढताना काही तर अंगठ्याच्या जोराने सुटावेत इतके सैल निघाले. एखाद्याने या पुंगळ्या आधीच भरून वापरल्या होत्या याला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

मग तोंडाकडे पाहिले. काठाच्या आतल्या बाजूला बारीक उतार कापलेला होता. तो वापरागणिक वाढलेली लांबी छाटल्यानंतर गोळी नीट बसावी म्हणून पुन्हा भरणारेच देतात. या पुंगळीची कमाल लांबी ४४.७० मिमी असते आणि छाटून ती सहसा ४४.४५ मिमी केली जाते. व्हर्नियर लावल्यावर कित्येक पुंगळ्या नेमक्या त्या छाटलेल्या मापाच्या आसपास आणि काही कमाल मापाच्याही पुढे गेलेल्या आढळल्या. एकाच मालात असे दोन्ही प्रकार मिळणे म्हणजे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या वेळा वापरून टाकलेल्या पुंगळ्या एकत्र धुतल्या गेल्या होत्या.

सर्वांत धोकादायक दोष मात्र बाहेरून दिसतच नव्हता. बुडाच्या वरची भिंत पातळ झाली की बाहेरच्या पृष्ठभागावर एक उजळ वर्तुळ उमटते आणि अनुभवी नेमबाज त्यावरून पुंगळी बाद करतात. संपूर्ण पुंगळीच उजळून टाकली की ते वर्तुळ त्या चकाकीत हरवते. त्यामुळे बारीक तार टोकाशी काटकोनात वाकवून आत सोडली आणि भिंतीवरून वर ओढली. चांगल्या पुंगळीत ती सहज सरकते, पण यांतील अनेकांत ती बुडाच्या वरच एका खाचेत अडकू लागली. खात्रीसाठी त्यांपैकी काही करवतीने उभ्या चिरल्या, तेव्हा भिंतीच्या आतून चारही बाजूंनी फिरलेली खोल चर डोळ्यांनी दिसली. अशी पुंगळी पुढच्या वापरात त्या चरीवर तुटते, पुढचा भाग चेंबरमध्ये अडकून बसतो आणि तप्त वायू मागे बंदुकीच्या यंत्रणेत शिरतात.

एका गोष्टीबद्दल विक्रेत्याच्या कसबाची दाद द्यावी की चीड यावी हे मला अजून ठरवता आलेले नाही. कारखान्यात पुंगळीची मान आणि खांदा तापवून नरम करतात. त्याचा निळसर-तपकिरी डाग लष्करी पुंगळ्यांवर तसाच राहू दिला जातो, आणि ग्राहक त्याला अस्सलपणाची खूण मानतात. माझ्या पुंगळ्यांवरही तो रंग होता. पण ज्या घासणीने बुडावरची अक्षरेसुद्धा गुळगुळीत झाली होती, त्या घासणीत हा डाग इतका ताजा उरणे शक्यच नव्हते. तो पॉलिश झाल्यानंतर आच देऊन मुद्दाम आणलेला होता. यात नुसती लबाडी असती तरी एक वेळ चालले असते, परंतु काही पुंगळ्यांवर आचेचा रंग खांद्याखाली उतरून थेट बुडापर्यंत पोहोचला होता. मान नरम हवी असते आणि बूड कडकच राहावे लागते. बूड तापून नरम झाले की पुंगळी दाब पेलू शकत नाही आणि हा दोष नंतर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही. असा माल बनवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असे मी मानत नाही.

पिशवी उघडताना अमोनियाचा उग्र वास आला होता, त्याचाही खुलासा पुढे झाला. पितळ झटपट उजळवणाऱ्या कित्येक पॉलिशांत अमोनिया असतो आणि ताण शिल्लक असलेल्या पितळाला तो आतून तडकवतो. हे नवे ज्ञान नाही. ब्रिटिश सैन्याने भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा तो परिणाम असल्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ मध्ये झाला. माझ्या मालातील काही पुंगळ्यांच्या मानेवर भिंगातून केसासारख्या उभ्या चिरा दिसल्या, तर इतर काहींवर गुलाबी ठिपके होते. हे ठिपके तीव्र आम्लात फार वेळ ठेवल्याने जस्त निघून गेल्याचे लक्षण असते. मागे उरते ते तांब्याचे भुसभुशीत जाळे.

वजनातील खोट त्या मानाने किरकोळ म्हणावी लागेल. या मापाची एक पुंगळी साधारण ६ ग्रॅम भरते, त्यामुळे मोजणी आणि वजन यांचा मेळ घालणे अवघड नसते. पुंगळ्या हलवल्यावर आत दडलेला मक्याच्या कणसाचा ओलसर भरडा आणि घासण्यासाठी वापरलेल्या पोलादी सुया बाहेर पडल्या. त्या भरड्याची धूळ मात्र किरकोळ मानू नये. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि वापरलेल्या भरड्यात त्याचे अवशेष साठत जातात, म्हणून असा माल ओला करूनच, हातमोजे आणि मुखपट्टी घालून, मोकळ्या हवेत चाळावा आणि ती भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

चिरलेल्या पुंगळ्यांची छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याने आधी निळसर रंगाकडेच पुरावा म्हणून बोट दाखवले. कापलेल्या कडेबद्दल विचारल्यावर, गोळा केलेल्या मालात ‘थोडीफार सरमिसळ’ होतच असते असे उत्तर आले आणि अखेर पैसे परत न करता तितक्याच वजनाच्या दुसऱ्या पुंगळ्या देण्याची तयारी त्याने दाखवली. त्या मी नाकारल्या. संपूर्ण व्यवहार बोलण्यावर झालेला असल्याने आणि पावतीवर केवळ ‘पितळ’ व वजन एवढेच लिहिलेले असल्याने तक्रारीला आधार उरला नाही. पावतीवर माप, बुडावरचा शिक्का, ‘एकदाच वापरलेली, कड न कापलेली’ हे शब्द आणि नग लिहून घ्यावेत. प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

आता मी न धुतलेल्याच पुंगळ्या मागतो. काजळी, प्रायमरभोवतीच्या लाखेचा रंग, बुडावरचे ओरखडे, उजळ वर्तुळ या सर्वांवरून पुंगळीचा इतिहास वाचता येतो आणि निवड झाल्यावर साफसफाई करणे मुळीच कठीण नसते. फिरत्या पिंपात पाणी, थोडा भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि पोलादी सुया घालून घासावे, सुया निघाल्याची एकेका पुंगळीत डोकावून खात्री करावी, स्वच्छ पाण्यात खळबळून पूर्ण वाळवावे, एवढे पुरते. काजळी आणि रेती निघून डाय व चेंबर यांना ओरखडे पडू नयेत हाच त्यामागील उद्देश आहे. आरशासारखी चकाकी आली नाही तरी नेम बिघडत नाही.

त्या मालातील एकही पुंगळी मी भरली नाही. मोडीत देण्यापूर्वी प्रत्येकीचे तोंड पकडीने चेपून टाकले, कारण शाबूत गेल्या असत्या तर त्या पुन्हा कोणाच्या तरी पिंपात उजळल्या गेल्या असत्या.