संकासूर काळाच दिसायला हवा: सेकंडहँड मिररलेस कॅमेऱ्याचे आठ महिने

दिवाळीआधी एक वापरलेला एपीएस-सी (फोनपेक्षा बऱ्याच मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि ५० मिमी, एफ १.८ ही भरपूर उजेड आत घेणारी लेन्स घेतली, ती संकासुरासाठी. कोकणातल्या दशावतारी नाटकाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे आडदशावतारात, हा असुर येतो तेव्हा अंगभर काळा वेश आणि लोंबती लाल जीभ. माझ्या फोनमध्ये मात्र तो दरवर्षी राखाडी यायचा. समोर एवढा काळोख दिसला की फोन सगळंच उजळवायला जातो. मग काळा रंग राखेसारखा होतो आणि शेजारच्या पात्राचा रंगवलेला चेहरा पांढराफटक पडतो.

फोनमध्येही एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं ते, लॉक करता येतं, ते मी करून पाहिलं. काळा काळा राहिला, पण चेहऱ्यावरच्या रंगरेषा पुसट झाल्या. फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. अपुऱ्या उजेडात फोटोवर दाणे येतात, ते घालवताना फोन भुवयांची नक्षीही गुळगुळीत करून टाकतो. नाइट मोडमध्ये तो अनेक फ्रेम एकावर एक जोडतो, त्यामुळे हलत्या हाताची नुसती सावली उरते. कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००ला दाणे दिसतात, पण रंगाची रेघ रेघच राहते. मला दाणे चालतात.

पहिल्या जत्रेत मात्र माझी फजिती झाली. सगळ्या व्हिडिओवर आडवे काळपट पट्टे! लेन्स खराब निघाली असं वाटून रात्रभर जीव कासावीस. लेन्स ठीक होती, माझं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, १/१६० सेकंद होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते कळत नाही, पण सेन्सर चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने वाचतो. काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला मिणमिणणं पूर्ण मोजून मिळतं आणि पट्टे जातात. मी आता सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० यावरच असतो. युद्धनृत्यात तलवार थोडी पुसट येते, पण आपल्या डोळ्यांनाही ती तशीच दिसते. जनरेटर असेल तर लोड बदलला की हर्ट्झ हलतात आणि पट्टे पुन्हा डोकावतात. दुकानांच्या रंगीत एलईडी माळांवर हा उपाय चालत नाही. त्या चौकटीबाहेरच ठेवायच्या.

खरा जाच रेकॉर्डिंगच्या मर्यादेचा. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि हा कॅमेरा २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतो. युरोपीय संघात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त जकात लागायची, म्हणून अनेक जुन्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा घातलेली आहे. एकदा पेटीवाले बुवा ऐन रंगात असताना ते माझ्या लक्षात आलं नाही आणि एक अख्खं पद गेलं. त्याची हळहळ अजून आहे. आता फोनवर २८ मिनिटांचा गजर लावतो, पद संपलं की स्वतःच बंद करून पुन्हा सुरू करतो. बॅटऱ्या तीन लागतात.

रंगपटात मात्र मी फोनच काढतो. तिथे जागा अरुंद, ५० मिमीत अर्धा चेहराच मावतो, आणि मोठी लेन्स समोर आली की रंग लावणारा कलाकार अवघडतो. फोनचं हातात न हलणारं चित्रही माझ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे. आवाजासाठी दोन्ही निरुपयोगी: झांज वाजली की आवाज फाटतो. पेटीजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवतो. फोनचे व्हिडिओ त्या आवाजाशी जुळवताना लांब तुकड्यांत ओठ मागेपुढे होतात, कारण फोनचा फ्रेमचा वेग कमी-जास्त होत राहतो. कॅमेऱ्याचा वेग एकसारखा असल्याने सुरुवातीला एकदा जुळवलं की काम झालं.

सध्या बाहेर मुसळधार पाऊस आहे आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहे. कोकणात कॅमेरा घेणार असाल तर आधी तो डबा घ्या. दर रविवारी टॉर्च मारून काचेत बुरशीचे तंतू दिसतात का ते पाहतो. आजवर तरी काच स्वच्छ आहे.