मिठाची बाजू चोख, पोटाची बाजू कोरी: लांब पल्ल्याच्या धावकांसाठी इलेक्ट्रॉलची पुडी

अल्ट्राची, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यतीची, तयारी सुरू केलेला धावक प्रशिक्षकाला लवकरच विचारतो, की पाण्यात विरघळणाऱ्या महागड्या इलेक्ट्रोलाइट गोळ्या घ्यायच्या, की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली इलेक्ट्रॉलची पुडी, म्हणजे जुलाबात देतात ती ओआरएसची भुकटी, पुरेल? आमचं उत्तर स्पष्ट आहे. पुडी पुरते, आणि मिठाच्या बाबतीत बऱ्याच गोळ्यांपेक्षा सरस ठरते. फक्त तिच्याकडून पाणी आणि मीठ एवढंच काम करून घ्यायचं. शक्ती मिळेल म्हणून जो दिवसभर तिच्यावरच धावतो, त्याची गाडी चौथ्या-पाचव्या तासाला थांबते आणि दोष मात्र पुडीला मिळतो.

आत काय आहे ते आधी पाहू. 21.8 ग्रॅमची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. त्यात मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम. हे जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली सुधारलेलं प्रमाण. धावकाच्या हिशोबात सांगायचं तर लिटरमागे सुमारे 1,725 मिलिग्रॅम सोडियम, 780 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि जेमतेम 50 कॅलरी. बाजारातल्या सर्वसाधारण स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला 400 ते 500 मिलिग्रॅम सोडियम आणि 60 ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे मीठ तिकडच्या तिप्पट-चौपट आणि साखर पाव हिश्शाहूनही कमी. दोन्ही पेयं एकाच फडताळात ठेवली जात असली तरी त्यांची कामं वेगळी आहेत.

ग्लुकोज इतकं कमी का, याला कारण आहे. हे मिश्रण कॉलरा आणि जुलाबाच्या रुग्णांसाठी तयार झालं. 1971 साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांसाठी बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले, तेव्हापासून त्याची ताकद जगाला कळली. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. या कामाला ग्लुकोज थोडंच लागतं. ते वाढवलं तर उलट पाणी आतड्यातच अडून राहतं. धावकाच्या आतड्यालाही हाच नियम लागू आहे. जोरात धावताना पोटाकडचं रक्त पायांकडे वळलेलं असतं, त्यामुळे लवकर शोषलं जाणारं पाणी हा फार मोठा फायदा ठरतो.

किती घ्यायची हे घामावर ठरतं, आणि घाम मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. धावण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास स्पर्धेच्याच वेगाने, शक्यतो स्पर्धेसारख्याच हवेत धावा. अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा 64.0 चं 63.1 किलो झालं आणि वाटेत 400 मिली पाणी प्यायलं गेलं, तर ताशी घाम 1.3 लिटर. घामातलं सोडियम माणसागणिक लिटरला 200 पासून 2,000 मिलिग्रॅमपर्यंत बदलतं. सरासरी 900 ते 1,000 धरायला हरकत नाही. काळ्या टोपीवर पांढरे चट्टे उठत असतील, डोळ्यांत घाम जाऊन चुरचुरत असेल, तर सरासरीच्या वरच धरा. गेलेलं सगळं धावता धावता भरून काढायचं नसतं. साधारण निम्मं भरलं तरी दिवस निभावतो, कारण खाण्यातूनही मीठ जातच असतं.

इथे 200 मिलीची छोटी पुडी फार उपयोगी पडते, आणि आमच्या मते अल्ट्रासाठी घ्यावी तर तीच. एका छोट्या पुडीत सुमारे 345 मिलिग्रॅम सोडियम असतं. धावताना अंगात घालायच्या खिशांच्या जाकिटाच्या, म्हणजे वेस्टच्या, पुढच्या खिशातल्या मऊ बाटल्या (सॉफ्ट फ्लास्क) बहुधा 500 मिलीच्या. एका फ्लास्कमध्ये एक छोटी पुडी म्हणजे हलकं पाणी, दोन म्हणजे तिखट ऊन तापल्यावरचं पाणी. दोन टाकल्या तरी मिश्रण छापील प्रमाणापेक्षा पातळच राहतं, त्यामुळे चुकायला जागा नाही. मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट हवेत, जिथे घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, तिथे ताशी दोन पुड्या बहुतेकांना लागतात. डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा मार्गावर पहाटे एक पुरते. ऊन चढल्यावर, विशेषतः राजगडाच्या चढाला लागताना दोनवर जावं. या मार्गावरच्या 53 किलोमीटरच्या शर्यतीला दहा तास लागतील असं धरलं तर पंधरा छोट्या पुड्या जवळ हव्यात. वजन सत्तर ग्रॅमसुद्धा भरत नाही.

मोठी पुडी घेतली तर ती अर्धी-अर्धी ओतण्याचा मोह टाळा. ग्लुकोज आणि मिठाचे दाणे सारखे नसतात, पुडीत ते वरखाली होतात आणि एका फ्लास्कमध्ये मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त असं होऊ शकतं. मोठी पुडी आख्खी एक लिटरमध्ये विरघळवायची आणि मग ते पाणी दोन फ्लास्कमध्ये वाटायचं. वाटेत हे जमत नाही, म्हणूनच छोटी बरी.

आता पोटाची बाजू. लांब पल्ल्याला ताशी 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. सराव असलेले धावक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून 90 पर्यंत जातात. दोन छोट्या पुड्यांतून मिळतात साडेपाच ग्रॅम. उरलेले पंचावन्न तोंडाने खायचे. एक एनर्जी जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) 22 ते 25 ग्रॅम, मध्यम केळं 25 च्या आसपास, 100 ग्रॅम उकडलेला बटाटा 17 ते 20, दहा ग्रॅम गुळाचा खडा नऊ. शेंगदाण्याची चिक्की सोयीची असली तरी शेंगदाण्यातली चरबी पोटात रेंगाळते, म्हणून ती चालत चढायच्या टप्प्यावर खावी, पळायच्या नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी घड्याळ वाजेल असं लावून ठेवावं आणि वाजलं की खावं, भूक असो वा नसो.

पोट ढवळण्याच्या बहुतेक तक्रारी या बाजूच्या गोंधळातून येतात. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे इलेक्ट्रॉलमध्ये ग्लुकोज पावडर मिसळणं. गणित करून पाहा. छापील प्रमाणात बनवलेल्या पाण्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, 245, रक्ताची साधारण 285. त्या लिटरमध्ये 40 ग्रॅम ग्लुकोज टाकलं की आकडा 465 च्या पुढे जातो. असं पाणी आतड्यात शिरण्याऐवजी आतड्याच्या भिंतीतून पाणी बाहेर खेचतं. पोट डचमळतं, मळमळतं, पुढे जुलाब. दुसरा प्रकार, कमी पाण्यात पुडी टाकणं. मोठी पुडी 500 मिलीत टाकली की 490. तिसरा, जेल खाल्ल्यावर त्यावर हेच पाणी पिणं. जेलवर साधं पाणी, दीड-दोनशे मिली. म्हणून एका फ्लास्कमध्ये इलेक्ट्रॉल आणि दुसऱ्यात साधं पाणी ही मांडणी आम्ही सगळ्यांना सांगतो. चढाला दम लागलेला असताना गोंधळ नको, म्हणून फ्लास्कच्या झाकणांना वेगळ्या रंगाचे रबर बांधा. पेयातूनच कर्बोदकं घ्यायची असतील तर माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी भुकटी) वापरावं. त्याचे रेणू मोठे असल्याने 40 ग्रॅम टाकूनही ऑस्मोलॅरिटी फारशी वाढत नाही.

यापेक्षा गंभीर एक गैरसमज आहे. मीठ आहे म्हणजे कितीही प्यायलं तरी चालतं, असं अनेकांना वाटतं. चालत नाही. या पाण्यात लिटरला 75 मिलिमोल सोडियम आहे, रक्तात 135 ते 145. गरजेपेक्षा जास्त प्यायलं तर इलेक्ट्रॉलनेही रक्त पातळच होतं. 1985 साली दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये अति पाण्याने झालेल्या हायपोनॅट्रेमियाच्या, म्हणजे रक्तातलं सोडियम धोकादायक कमी होण्याच्या, नोंदी प्रसिद्ध केल्या. तोवर जितकं जास्त पाणी तितकं बरं, हाच सल्ला सगळीकडे दिला जाई. धोका जास्त असतो तो मागे, सावकाश जाणाऱ्या धावकांना: वेळ भरपूर, घाम कमी, वाटेतली खाण्यापिण्याची ठाणी (एड स्टेशन) बरीच. बोटांतली अंगठी घट्ट होणं, घड्याळाचा पट्टा रुतणं, डोकं ठणकणं, मळमळ, बोलण्यात घोळ ही लक्षणं दिसली की पिणं थांबवून वैद्यकीय पथकाकडे जायचं. स्पर्धेत वजन वाढलं असेल तर ती धोक्याचीच खूण. धावताना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेऊ नये, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. तहानेप्रमाणे प्यावं, आणि घामाच्या मोजणीतून आलेला आकडा ही वरची मर्यादा समजावी.

पायात गोळे येण्यावर हे औषध म्हणून विकत घेणाऱ्यांची मात्र निराशा होईल. गोळे बहुतांशी थकलेल्या स्नायूमुळे येतात. झेपणाऱ्या वेगापेक्षा जोरात सुरुवात आणि उताराचा अपुरा सराव ही त्याची नेहमीची कारणं. तोरण्याच्या उतारावर मांड्या आखडल्या तर वेग कमी करा, स्नायू ताणा. दोन पुड्या घशाखाली घालून फरक पडणार नाही.

विकत घेताना पुडीवरची अक्षरं वाचा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या खऱ्या मिश्रणावर ओरल रीहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी. असं लिहिलेलं असतं आणि वर दिलेलं लिटरमागचं प्रमाण छापलेलं असतं. त्याच फडताळात फळांच्या चवीचे तयार खोकेही मिळतात. त्यांतल्या अनेकांत साखर कितीतरी जास्त आणि सोडियम कमी असतं. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हे शब्द वापरायला मनाई केली, आणि ते फार आधीच व्हायला हवं होतं. जुना माल अजून कुठे दिसला तर नावाकडे बघू नका, सोडियमचा आकडा शोधा.

चव खारट-गोड, थोडी औषधी. पहिले चार तास कुणाची तक्रार नसते. सहाव्या-सातव्या तासाला गोड नकोसं होतं, तेव्हा फ्लेवर असलेल्या पुड्यांपेक्षा साधी बरी वाटते. त्यात अर्धं लिंबू पिळलं तर आणखी बरी. घरचं मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हा चांगला पर्याय आहे. पण चमच्याचा अंदाज चुकला की मीठ दुप्पट होतं आणि पोटॅशियम मिळतच नाही. नारळपाण्याचं याउलट आहे: पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. स्पर्धा संपल्यावर ते छान, घाम निथळत असताना अपुरं.

बनवलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्यायचं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेलं तर त्याआधीच. वेस्टच्या पाठीवरच्या ब्लॅडरमध्ये (नळी असलेल्या पाण्याच्या पिशवीत) हे भरू नये; नळीत साखरेचा थर बसून बुरशी धरते आणि ती निघता निघत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या अल्ट्रा शर्यतीसाठी डरबनला जाणाऱ्यांनी पुड्या मूळ वेष्टनातच न्याव्यात, पांढरी भुकटी झिपच्या पिशवीत भरून विमानतळावर खुलासे देत बसण्यात अर्थ नाही. तिथे वाटेत पाण्याच्या पिशव्या हातात मिळतात, कोपरा दातांनी फाडून फ्लास्कमध्ये ओतता येतं. पुडीचं तोंड मात्र हॉटेलवरच कात्रीने थोडं कापून चिकटपट्टीने बंद करून ठेवा, घामेजलेल्या बोटांनी ती फाटत नाही.

शर्यत संपल्यावर, लघवी नीट होत असेल आणि वजन घटलेलं असेल, तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर हे पाणी चार-पाच तासांत, जेवणासोबत, घोट घोट प्यावं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, आणि रक्तदाबाच्या ज्या औषधांनी पोटॅशियम वाढतं ती घेणाऱ्यांनी, सरावातली पहिली पुडी फोडण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.