पुण्यातील एसयूव्हीसाठी टायर: हायवे टेरेन, सौम्य ऑल-टेरेन की आडदांड ऑल-टेरेन?

कंपनीने दिलेले टायर गोटा होत आले की बहुतेक एसयूव्ही मालकांच्या मनात येते की निदान या वेळी तरी ऑल-टेरेन (एटी), म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर घालावेत. काही जण तर नवी गाडी ताब्यात घेतल्या दिवशीच परस्पर टायरच्या दुकानात जातात. नक्षी जितकी जाड तितका टायर दणकट आणि पकडही तितकीच पक्की, असे आपण गृहीत धरून चालतो. पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर हे गृहीतक काही ठिकाणी तंतोतंत खरे ठरते आणि काही ठिकाणी, विशेषतः पावसाळ्यात, चक्क उलटे ठरते.

तुलनेसाठी येथे तीन पर्याय घेतले आहेत. हायवे टेरेन किंवा एचटी म्हणजे क्रेटा, एक्सयूव्ही ७०० यांसारख्या बहुतेक गाड्यांना कंपनीकडूनच येतात तसे, बारीक आणि सलग नक्षीचे टायर. सौम्य एटी म्हणजे योकोहामा जिओलँडार एटी जी०१५, ब्रिजस्टोन ड्यूलर एटी ००१ किंवा अपोलो अ‍ॅप्टेरा एटी२ यांसारखे, रस्त्याला झुकते माप देणारे ऑल-टेरेन. आडदांड एटी म्हणजे बीएफगुडरिच केओ२ किंवा जिओलँडार एक्स-एटी यांच्या जातीचे, मोठ्या ठोकळ्यांचे आणि जाड बाजूंचे टायर; मॅक्सिस ब्राव्हो ९८० मला या दोन गटांच्या मधला वाटतो. मड टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे टायर मुद्दाम वगळले आहेत. रोज कर्वे रस्त्याने कार्यालयात जाणाऱ्या गाडीला ते घालणे ही हौस आहे आणि हौसेला तुलना लागत नाही.

ओला घाट

पुणेकर एटी टायर मागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा जुलैतला ताम्हिणी असतो. हा भाग राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांत मोडतो हे खरे. पण मुळशीहून माणगावला उतरणारा हा रस्ता डांबरी आहे, आणि तेथे गाडी घसरते ती बहुतांशी ओल्या, गुळगुळीत, कडेला शेवाळ धरलेल्या डांबरावर. ओल्या डांबरावर पकड मिळते ती दोन गोष्टींमुळे: रबराच्या मिश्रणाचा मऊपणा आणि ठोकळ्यांवर कापलेल्या बारीक चिरा. पाण्याचा पातळ थर या चिरा फोडतात आणि रबर रस्त्याला प्रत्यक्ष टेकते. आडदांड एटीमध्ये दगडावर टवके उडू नयेत म्हणून रबर कठीण ठेवलेले असते आणि ठोकळ्यांमधल्या रिकाम्या जागेमुळे रस्त्याला टेकणारे रबर मुळातच कमी असते. म्हणूनच ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारल्यास चांगला एचटी टायर साधारणपणे आधी थांबतो आणि आडदांड एटी थोडा पुढे जाऊन थांबतो. सौम्य एटी या दोघांच्या मध्ये, पण एचटीच्या अधिक जवळ असतो, कारण त्याच्या ठोकळ्यांवर चिरा भरपूर असतात.

याला एक अपवाद आहे. द्रुतगती मार्गावर मुसळधार पावसात पाणी साचते आणि ताशी ८०-९०च्या वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो, तेव्हा खोल खाचा उपयोगी पडतात, कारण पाण्याला बाहेर जायला वाट मिळते. मात्र हा फरक एटी आणि एचटी यांच्यापेक्षा नवा टायर आणि झिजलेला टायर यांच्यात अधिक जाणवतो. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरवर आली की टायर कायद्यानेच बाद होतो, आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे तेच दाखवण्यासाठी असतात. पण पावसाळा तोंडावर असताना ३ मिलीमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर विसंबू नये, मग तो कोणत्याही जातीचा असो.

मुरूम, दगड आणि काळी माती

एटी टायर आपले पैसे वसूल करून देतो तो दगडांच्या रस्त्यावर. केळदवरून मढे घाटाकडे जाताना, किंवा राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांकडे वळणाऱ्या कच्च्या वाटांवर, मुरुमातून वर आलेले बसाल्टचे धारदार कोपरे असतात. नक्षीला त्यांचा फारसा धोका नसतो. धोका असतो टायरच्या बाजूला. गाडी चाकोरीतून बाहेर काढताना दगड साइडवॉलला घासतो, रबर बोटभर फाटते आणि आतले पांढरे धागे दिसू लागतात. नक्षीत शिरलेला खिळा काढून पंक्चर काढता येते, साइडवॉलची चीर मात्र कोणताही जबाबदार दुकानदार शिवून देत नाही. तो टायर संपला. खड्ड्याच्या काठावर चाक आपटून बाजूला फुगा येतो, त्याचेही तेच. आडदांड एटीची साइडवॉल जाड असते आणि तिच्या खांद्यापर्यंत ठोकळे उतरलेले असतात, त्यामुळे अशा वाटेवर तो निर्विवाद सरस आहे. सौम्य एटी एचटीपेक्षा चांगला तग धरतो, पण तो खास दगडांसाठी घडवलेला नसतो.

येथे खरेदीच्या वेळी हटकून निसटणारी एक गोष्ट आहे. एकाच नावाचा टायर दोन बांधणींत मिळू शकतो: साधी प्रवासी बांधणी आणि ज्याच्या मापाआधी ‘एलटी’ लिहिलेले असते ती हलक्या ट्रकची बांधणी. जिओलँडार जी०१५ अशा दोन्ही रूपांत येतो, केओ२ मुख्यतः एलटीमध्ये. एलटी टायर दगडाला दाद देत नाही, पण तो जड आणि ताठ असतो, आणि तेवढेच वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते; दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधला आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. मित्राच्या गाडीत तोच टायर मखमली वाटला आणि आपल्या गाडीत दणके देतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

दौंड, इंदापूर, बारामतीकडे शेती असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यातली काळी माती टायरला चिकटते, चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत सगळ्या खाचा बुजवते, आणि मग एटी काय किंवा एचटी काय, दोघांचाही गोटा होतो. मोठ्या ठोकळ्यांचा टायर चाक जोरात फिरवल्यावर चिखल भिरकावून काही अंशी मोकळा होतो, पण त्यासाठी चारही चाकांना ताकद मिळावी लागते. केवळ दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला आडदांड एटी घालून काळ्या रानात नेणे म्हणजे ट्रॅक्टरवाल्याची सोय पाहणे होय. अशा गाडीसाठी टायरवरचा जादा खर्च वाचवावा आणि गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच उभी करावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातल्या वाळूबद्दल फार लिहायला नको. वाळूत नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची. ती १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर एचटीसुद्धा चालतो आणि ती ३५ ठेवली तर केओ२सुद्धा रुततो. शिवाय अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे आणि गुन्हेही दाखल होतात.

रोजचा खर्च: आवाज, इंधन, ब्रेक

आडदांड एटीचा टायर त्याच मापाच्या एचटीपेक्षा चार-पाच किलोंनी जड असू शकतो, आणि हे वजन फिरणाऱ्या भागात असल्याने गाडी वेग घेताना आणि थांबताना ते जाणवते. मायलेज घटते, स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित मंद होतो. सौम्य एटीमध्ये हे तोटे असतात, पण सहन होण्याइतके. आवाजाचा मुद्दा पुण्यात अधिक गांभीर्याने घ्यावा, कारण शहरातले रस्ते झपाट्याने सिमेंटचे झाले आहेत आणि आडव्या खाचा पाडलेल्या सिमेंटवर मोठ्या ठोकळ्यांचा घुमणारा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो. समृद्धी महामार्गावर तर सातशे किलोमीटर सिमेंटच आहे. नवा टायर शांत वाटतो म्हणून समाधान मानू नये. एटीचे ठोकळे एका कडेने झिजून दाते पडू लागले की आवाज वाढत जातो. आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागांची अदलाबदल आणि अलाइनमेंट करून घेणारा मालकच एटी सुखाने वापरू शकतो. ज्याच्याकडून हे होणार नाही, त्याने एचटीच घ्यावा.

माप, वजन आणि कायदा

टायर बदलताना मापही वाढवावे, असा आग्रह दुकानात हमखास होतो. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या प्रकारांचे मूळ माप २५५/६० आर१८ (रुंदी २५५ मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची), म्हणजे व्यास सुमारे ७६३ मिलीमीटर. त्यावर थारचे २५५/६५ आर१८ घातले तर व्यास ७८९ होतो, गाडी जमिनीपासून जेमतेम १३ मिलीमीटर उचलली जाते आणि चाकाची एक फेरी ३.३ टक्क्यांनी लांबते. पूर्वी ज्या स्थितीत काटा ८० दाखवून गाडी खरोखर ८०ने धावली असती, तेथे ती आता जवळपास ८३ने धावेल. जिम्नीच्या १९५/८० आर१५ ऐवजी २१५/७५ आर१५ घालतात, तेथे फरक दीड टक्क्याचाच आहे, तरी रुंदी २० मिलीमीटरने वाढते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवून टायर आत कुठे घासत नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल वाहनात करता येणार नाहीत असे स्पष्ट केले आहे. कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला दिलेल्या मापापुरते राहिले तर वॉरंटी आणि विमा यांचे वाद टळतात. मडगार्डबाहेर डोकावणारा टायर मात्र दुरूनच नजरेत भरतो. मापानंतरचा आकडा वजनाचा असतो: ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, १०९ म्हणजे १,०३०. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. त्यापुढचे अक्षर वेगाचे. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. एटीमध्ये हे अक्षर एक-दोन पायऱ्या खाली असू शकते आणि १२०ची कमाल मर्यादा असलेल्या महामार्गावर त्याने अडत नाही, पण मूळ टायरचे अक्षर टिपून ठेवून वॉरंटीबाबत सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावे. केओ२ आणि जी०१५ यांच्यावर डोंगर आणि हिमकणाचे, म्हणजे बर्फावरच्या पकडीचे चिन्ह असते. विक्रेता ते अभिमानाने दाखवतो. लाहौल-स्पितीला जाणार नसाल तर त्याचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुकानात

जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या टायरचे हवे ते माप हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही, आणि मिळालेला माल कधीकधी गोदामात पडून राहिलेला असतो. साइडवॉलवरच्या चार आकड्यांवरून वय कळते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. पाचही टायरवरचे आकडे स्वतः वाचावेत, कारण हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात आणि चाक बसवल्यावर ती बाजू आत गेली तर वाकून, मोबाइलचा उजेड टाकूनच ते दिसतात. दौऱ्यावर असताना गावोगावी बदली टायर मिळावा असे वाटत असेल, तर सिएट, अपोलो, एमआरएफ या देशी कंपन्यांच्या एटीचा विचार आधी करावा. केओ२ एखाद्या तालुक्याच्या गावी फाटला तर जोडीला तसाच टायर तेथे मिळणार नाही.

पाच टायर म्हटले ते मुद्दाम. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत चार एटी आणि स्टेपनीला जुना एचटी ठेवला तर तो चढवून चालताना व्यासातल्या फरकाचा ताण ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांवर येतो. थारसारख्या गाडीत मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी जड झाली की बिजागऱ्यांवर भार वाढतो, तेही धरून चालावे. हवेचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर टायर रिमवरून उतरवण्याआधीच कारागिराला तसे सांगावे.

निवडीपुरते सांगायचे तर ज्याचे चालणे शहर, द्रुतगती मार्ग आणि पावसाळी घाट एवढेच आहे, त्याने चांगल्या ओल्या पकडीचा एचटी घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार वेल्हे, भोर, मुळशीच्या कच्च्या वाटांवर जाणाऱ्याला सौम्य एटी, शक्यतो साध्या बांधणीचा, सर्वाधिक मानवतो. आडदांड एटी त्यालाच घ्यायला सांगेन, ज्याची गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे आणि जो दगडांच्या वाटेवर नियमित जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीचा भाव कोणी ऐकवत असेल तर तो धरू नये. नव्या गाडीचे टायर काढून देणार असाल तर ते फारसे न चालवता द्यावेत आणि त्यांचा परतीचा भाव नव्या टायरच्या भावासोबत, एकाच कागदावर लिहून घ्यावा. टायर उतरवून झाल्यावर हा भाव कमीच होतो.