गुरुत्वाखालची गती: घटक पाडायचे की सदिश धरायचे?

जळगाव-धुळ्याकडची बी.एस्सी.ची पोरं अकरावीपासून घटक पाडूनच गणितं सोडवत आलेली असतात. आडवा वेग वेगळा, उभा वेगळा, दोन समीकरणं. सीईटीला तेवढं पुरतं. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं.

मला खटकायचं ते एकच. फिजिक्स सुरू होण्याआधीच अक्ष ठरवावे लागतात. वरची दिशा धन की खालची? उतार असेल तर अक्ष उताराला समांतर घ्यायचा की जमिनीला? निसर्गाला या अक्षांशी काही देणंघेणं नसतं, तरी निम्मी वही त्यांच्या चिन्हांतच जाते.

अमळनेर-पारोळा पट्ट्यात गावोगावी पाण्याच्या टाक्या आहेत. समजा, १५ मीटर उंचीवरून सेकंदाला १० मीटर वेगाने दगड फेकला. गुरुत्वत्वरण १० धरा. तो जास्तीत जास्त किती लांब जाईल? घटकांनी गेलात तर काळाचं वर्गसमीकरण, त्यातलं वर्गमूळ आणि वर त्याचं कोनाच्या सापेक्ष विकलन. पानभर रेटावं लागतं.

आता सदिशांनी बघा, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेली राशी तुकडे न पाडता अख्खी धरून. अखेरचा वेग म्हणजे सुरुवातीचा वेग अधिक गुरुत्वत्वरण गुणिले काळ. दोन्ही बाजूंचा सुरुवातीच्या वेगाशी क्रॉस प्रॉडक्ट घ्या: दोन सदिशांचा असा गुणाकार, ज्याचं परिमाण म्हणजे दोघांची परिमाणं गुणिले मधल्या कोनाचा साइन. सदिशाचा स्वतःशी घेतला तर तो शून्य. उजवीकडे परिमाण उरतं गुरुत्वत्वरण गुणिले आडवं अंतर. डावीकडे दोन्ही वेगांची परिमाणं ठरलेली: एक १०, दुसरं ऊर्जेच्या हिशेबाने २०. म्हणजे अंतर सर्वांत जास्त केव्हा? दोन्ही वेग काटकोनात असताना. २०० भागिले १०, २० मीटर. फेकण्याचा कोन सुमारे २७ अंश. ४५ का नाही, हेही त्या काटकोनातच दिसतं.

ग्रहांच्या गतीत तर फरक आणखी जाणवतो. बल सूर्याच्या दिशेने, म्हणून स्थान आणि बल यांचा क्रॉस प्रॉडक्ट शून्य, म्हणून कोनीय संवेग (स्थान आणि संवेग यांचा क्रॉस प्रॉडक्ट) स्थिर. कक्षा एकाच प्रतलात राहते हे आणि केप्लरचा दुसरा नियम (सूर्य-ग्रह रेषा सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ व्यापते), दोन्ही तिथेच मिळतात. पुढे लाप्लास-रुंगे-लेंझ सदिश (कक्षेच्या लांब अक्षाच्या दिशेचा, ग्रह फिरताना न बदलणारा) घेतला की अवकल समीकरण न सोडवताच लंबवर्तुळ निघतं. घटकांच्या वाटेने अंतराचा व्यस्त घेण्याची युक्ती लागते, आणि ती सुचली कशी हे पोरांना सांगताना माझी नेहमीच अडचण व्हायची.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल आणि संगणकावर आकडे काढायचे असतील, तर शेवटी घटकच कामाला येतात. परीक्षा तोंडावर असेल तर बसलेला हात मोडू नका. पण एम.एस्सी.चा विचार असेल, तर माझ्या मते दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सदिशांकडे वळावं. क्रॉस प्रॉडक्ट अंगवळणी पडायला एखादं सेमिस्टर जातं, तेवढं जाऊ द्या.