कपहेडचा ‘द डिलिशियस लास्ट कोर्स’: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत खेळून

“चार तासांत संपतं म्हणे, मग वेगळे पैसे कशाला घालायचे?” कपहेड या व्हिडिओ गेमच्या या एक्स्पान्शनबद्दल, म्हणजे वेगळ्यानं विकत घ्यायच्या जोड-भागाबद्दल, मला मित्रांनी सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलंय. माझं उत्तर सरळ आहे. मूळ गेम मनापासून आवडला असेल आणि घरात शेजारी बसून खेळणारं कुणी असेल, तर बिनधास्त घ्या. मूळ गेम अर्धवट सोडलेला असेल, तर आत्ता नको.

तास मोजून किंमत ठरवायची म्हटली तर सौदा महाग वाटेल हे मान्य. परदेशात मूळ गेम १९.९९ डॉलरला आणि हे ७.९९ डॉलरला. आपल्याकडे रुपयांतली किंमत स्टोअरवर वेगळी दिसते, शिवाय दोन्ही एकत्रही मिळतात. मूळ गेमच्या मानानं इथं बॉस, म्हणजे एकेका लढतीतले मोठे शत्रू, कमी आहेत आणि पळत-पळत गोळ्या झाडायचे रन अँड गन टप्पे तर एकही नाही. मला ते टप्पे आवडायचे, म्हणून सुरुवातीला चुकल्यासारखं वाटलं. पण एवढ्या महिन्यांनंतर बघतो तर आम्ही वरचेवर उघडतो ते याच भागातले बॉस.

थोडी माहिती, कारण वाट बघण्याचा भाग त्यात आहे. चाड आणि जॅरेड मोल्डनहावर या दोन भावांच्या स्टुडिओ एमडीएचआरनं २९ सप्टेंबर २०१७ ला कपहेड आणला. १९३०च्या दशकातल्या कार्टूनसारखा, कागदावर हातानं काढलेला. पुढच्याच वर्षी एक्स्पान्शन जाहीर झालं आणि तारीख पुढं ढकलत ढकलत अखेर ३० जून २०२२ ला आलं. एवढा वेळ कुठं गेला ते पडद्यावर दिसतं.

ग्लमस्टोन नावाचा डोंगराएवढा राक्षस पहिल्यांदा समोर आला तेव्हा आप्पा मागं खुर्चीवर बसले होते. त्यांचं आयुष्य चादरीची डिझाइनं काढण्यात गेलं. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून जॅकार्डची कार्डं पंच व्हायची. गेममधलं त्यांना काही कळत नाही, पण मला म्हणाले, “थांबव जरा.” पॉज केलं. चष्मा वर करून स्क्रीनजवळ आले, राक्षसाच्या दाढीकडं आणि आजूबाजूच्या बुटक्यांकडं बघत राहिले. “हे एकेक चित्र माणसानं काढलंय? मग त्याचे पैसे द्यायलाच पाहिजेत.” त्या दिवसापासून नवीन बॉस आला की आम्ही त्यांना हाक मारतो. याच लढतीत शेवटी राक्षस आपल्याला गिळतो आणि उरलेली लढाई त्याच्या पोटात होते. आप्पांना तो भाग जाम आवडतो.

माझा आवडता बॉस म्हणजे विमानांतून लढणारी कुत्र्यांची टोळी. आपण छोट्या विमानाच्या पंखावर उभे असतो. शेवटच्या टप्प्यात सगळा पडदाच आडवा फिरतो, मग उलटा होतो. डावं-उजवं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि बोटं नेमकी चुकीकडं जातात. मी आणि मनू, म्हणजे माझी धाकटी बहीण, या एका टप्प्यावर आख्ख्या दुपारी अडकलो. ती ओरडायची, “दादा, वर म्हणजे आता खाली!” कीटकांच्या दारू टोळीच्या लढतीत शेवटी एक गंमत आहे, ती मी सांगणार नाही. जिंकलो म्हणून गेमपॅड खाली ठेवू नका, एवढंच.

पैसे खरे वसूल होतात ते मात्र ॲस्ट्रल कुकीमुळं. ही चार्मच्या (पात्राला घालायच्या खास वस्तूच्या) जागी घातली की आपल्या पात्राऐवजी मिस चॅलिस हे नवं पात्र खेळायला येतं. तिला डबल जंप आहे, जमिनीवर लोळताना मार लागत नाही, डॅश मारूनच (झटकन पुढं सरकून) पॅरी होते, म्हणजे गुलाबी वस्तू टोलवता येते, आणि बाकीच्यांना तीन जीव असताना हिला चार. बदल्यात चार्मची जागा अडते, म्हणजे स्मोक बॉम्ब किंवा कॉफी हे बाकीचे चार्म विसरायचे. मुख्य म्हणजे ही चॅलिस जुन्या तिन्ही बेटांवरही चालते. जे बॉस पाठ झाले होते ते तिला घेऊन खेळताना परत नवे वाटले. ज्या फुलाच्या बॉसवर मनूनं पूर्वी हात टेकले होते, तो तिनं चॅलिस घेऊन पाडला. म्हणून मी म्हणतो, चार तासांचं गणित धरू नका. जुना गेमही यात नव्यानं हातात येतो.

एक भांडण मात्र ठरलेलं. दोघं खेळताना एका वेळी एकालाच चॅलिस होता येतं. आमच्याकडं बॉसगणिक पाळी लावली.

नव्या बेटावर राजाचा किल्ला आहे. तिथं बुद्धिबळातल्या मोहऱ्यांशी लढायचं, आणि गोळी झाडायचीच नाही. फक्त गुलाबी दिसेल तिथं पॅरी. तलवार घेतलेल्या घोड्याच्या (नाइटच्या) शिरस्त्राणावर गुलाबी तुरा आहे, त्याचा वार चुकवून नेमका तो गाठायचा. ज्यांची पॅरी कच्ची आहे त्यांनी आधी इथंच थांबावं, बाकीचा गेम सोपा जातो. ज्यांना फक्त धडाधड गोळ्या झाडायच्या आहेत, त्यांना हा भाग रटाळ वाटेल. माझ्या एका मित्राला वाटला.

गोष्ट मला तेवढी भारी वाटली नाही. मिठाच्या बरणीचा बल्लवाचार्य, जादूचा पदार्थ, त्यासाठी साहित्य गोळा करणं, एवढंच. संगीताबद्दल मात्र बोलायलाच हवं. शंभरावर वादकांचा ताफा घेऊन ते रेकॉर्ड केलंय. क्रिस्टोफर मॅडिगन यांचं हे जाझ आणि बिग बँडचं संगीत आमच्या घरात आता स्वयंपाक करताना पण वाजतं.

वापरातल्या अडचणी. आमच्या भागात उन्हाळ्यात ऐन दुपारी लाईट जाते. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, कूलर बंद, आणि बॉस शेवटच्या टप्प्यात. तरी नुकसान फार होत नाही, कारण एक लढत जेमतेम दोन-तीन मिनिटांची आणि आधी जिंकलेलं सगळं सेव्ह झालेलं असतं. म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्याला हा गेम बरा. लॅपटॉप साधा असला तरी चालतो, आमच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पॅड मात्र चांगला घ्या. शहरातल्या एका दुकानातून घेतलेल्या स्वस्तातल्या पॅडचं जंपचं बटण महिन्याभरात अडकायला लागलं, आणि दुकानदारानं बदलून द्यायला साफ नकार दिला. पॅरीवर चालणाऱ्या गेममध्ये असं बटण असणं म्हणजे हरलेलंच.

सुट्टी संपून मनू पुण्याला गेल्यावर स्टीम या गेम-स्टोअरच्या रिमोट प्ले टुगेदरवर (इंटरनेटवरून एकत्र खेळायच्या सोयीवर) खेळून पाहिलं. गेममध्ये ऑनलाइन एकत्र खेळायची स्वतःची सोय नाही, त्यामुळं हाच मार्ग. चालतं, पण तिकडं दाबलेलं बटण किंचित उशिरा लागतं. सोप्या बॉसला चालून जातं, कुत्र्यांच्या टोळीपुढं नाही. म्हणून अवघड लढती ती हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येईल तेव्हासाठी राखून ठेवतो.

इतके महिने पुरलेली आणखी एक चीज म्हणजे गेममधल्या पोर्करिंड या दुकानदाराकडचं तुटकं रेलिक, हाही एक चार्मच. विकत घेतल्यावर ते निरुपयोगी दिसतं. बेटावरच्या कब्रस्तानात एक कोडं सोडवून त्यामागची लपलेली लढत जिंकली की ते शापित होतं, आणि ते घालून बॉस हरवत गेलं की हळूहळू सुधारत जातं. कोड्याचं उत्तर इंटरनेटवर लगेच मिळेल, पण बघू नका. ज्यांना सगळं शंभर टक्के पूर्ण करायची हौस आहे त्यांना इथं बराच काळ काम आहे.

घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: विकत घेतलं की लगेच नवं बेट उघडत नाही. पहिल्या बेटावरचं मुसोलियम (भुतांना पॅरी करायचं समाधीगृह) आधी पूर्ण करावं लागतं, मग नावाडी नेतो. नवख्या माणसानं तिथं लगेच जाऊ नये. निदान दुसऱ्या बेटापर्यंत हात बसू द्या. दुकानातून क्रॅकशॉट हे नवं शस्त्र आधी घ्या, थोडं लांब जाऊन त्याची गोळी फुटते आणि आपोआप बॉसकडं वळते, त्यामुळं विमानावर तोल सांभाळताना नेम धरत बसावं लागत नाही.